जावयानं आखलेल्या आडवाटा

फुलचूर (गोंदिया), निघण्याआधी

ज्याला सरळ रस्ता ठाऊक आहे तो माणूस आडवाटेनं का जातो, हा प्रश्न मी नोकरीत एकतीस वर्षं लोकांना विचारला. बहुतेक वेळा उत्तर एकच निघायचं, त्याला काहीतरी लपवायचं असायचं. मी नहरेवर, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर, निरीक्षक होतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाळी नसताना कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी शिरलं, हे मी माणसाच्या पायाच्या चिखलावरून सांगायचो. त्यामुळे जावयानं मस्कतहून फोनवर प्रवासाचा बेत पाठवला आणि पाच दिवसांच्या बेतात सहा आडवाटा निघाल्या, तेव्हा माझे कान टवकारले.

बेत असा होता. ओमान हा देश अरबस्तानच्या त्या प्रचंड द्वीपकल्पाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात आहे. एका बाजूला समुद्र, मधे उघडेबोडके डोंगर आणि मागे वाळवंट. मस्कतहून किनाऱ्यानं खाली सूरला जायचं, तिथून वाळूच्या टेकड्यांपाशी बिदियाला, मग डोंगराच्या पायथ्याशी निझव्याला आणि निझव्याहून परत मस्कत. नकाशावर हा एक वाटोळा फेरा होतो आणि रस्ता सगळा गुळगुळीत. पण सुमेधनं, म्हणजे जावयानं, त्याला जागोजाग फाटे काढले होते. इथून आत वळून एक पाण्याचा खड्डा पाहायचा, तिथून वीस-पंचवीस किलोमीटर आत एक ओढा पाहायचा, आणखी पुढं डोंगर चढून एक खेडं पाहायचं. मी घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, दोऱ्यानं अंतरं मोजली आणि सहापैकी चार फाट्यांवर लाल फुली मारून फोटो त्याला पाठवला. "ठीक आहे बाबा," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सुधारलेला बेत आला, त्यात सहाच्या सहा फाटे जसेच्या तसे होते.

आता खरं सांगतो. मी फिरायला जातच नव्हतो. सुजाता, माझी थोरली मुलगी, मागच्या हिवाळ्यात सख्ख्या भावाच्या लग्नाला आली नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाली. त्याआधीचे कितीतरी महिने फोनवर तिचा फक्त चेहरा दिसायचा, हनुवटीपासून कपाळापर्यंत, आणि मागं एकच पांढरी भिंत. आमगावला लग्नाच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं की तिकडच्या कंपन्या माणसं कमी करून राहिल्या. मी ते ऐकून ठेवलं. सुमेधची नोकरी गेली असेल, नाहीतर त्याचं दुसरं काही असेल. काही का असेना, पोरगी त्रासात दिसली तर तिला सोबत घेऊनच गोंदियाला परतायचं, हे मी ठरवलं आणि शोभाला, माझ्या बायकोला, तसं स्पष्ट सांगितलं.

शोभा तेव्हा डिंकाचे लाडू वळत होती. एवढी मोठी परात भरून कोणासाठी, असं मी विचारलं. "थंडी नाही का तिकडं," म्हणाली. थंडी आपल्याकडे असते, तिकडे तर वाळवंट आहे, असं मी म्हणालो, तर तिनं पुढचा लाडू वळायला घेतला. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं मला सांगितलं होतं की आखातात खसखस नेली तर थेट जेलात टाकतात. म्हणून मी एक लाडू फोडून त्यात खसखस आहे का तेवढं पाहिलं. नव्हती. मी समाधानानं डबा बंद केला. पोरीला घेऊन यायचं म्हटल्यावर शोभा एका शब्दानं भांडली नाही, हे मात्र मला खटकत राहिलं. चाळीस वर्षांत ती न भांडता कशालाच हो म्हणाली नाही.

मस्कत

विमानतळावर सुमेधनं वाकून पाया पडून जयभीम केला. सुजाता बारीक झाली होती. इतकी की तिची आई तिला धरून उभी राहिली ती बराच वेळ सोडेचना. रडली मात्र कोणीच नाही, हे मी टिपलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वच्छ. ती पांढरी भिंत मी आधी पाहून घेतली. होती. म्हणजे फोन घरातूनच यायचे, एवढं पक्कं झालं. एक खोली बंद होती. "सामान आहे तिथं," सुजाता म्हणाली. मी बंद दाराकडं पाहिलं. ती चहा टाकायला वळली.

जेवताना बेताचा विषय निघाला. आम्ही सोबत चिन्नोर तांदूळ नेला होता, त्याचा वास घरभर सुटला होता. मी सरळ विचारलं, "हे सहा फाटे कायले? तुम्ही आधी पाहिले आहेत का ते?"

"नाही बाबा," सुजाता म्हणाली. "आम्ही कुठं जातो. तुमच्यासोबत पहिल्यांदाच जाऊन राहिलो."

सुमेध वरणात भात कालवत होता. त्याचा हात थांबला आणि परत सुरू झाला. नोकरीत असताना अशा थांबलेल्या हातावरून मी पंचनामे केले आहेत.

बिम्मा आणि टीवी

ज्यांना जायचं असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं. तेव्हा ऊन आपल्या फाल्गुनासारखं असतं. सकाळी लवकर निघावं आणि पाणी भरपूर ठेवावं, कारण गाडीबाहेर सावली नावाची वस्तू नाही. आपल्याकडे नजर जिथं जाईल तिथं झाड असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ते मोकळे डोंगर पाहून मला कोणीतरी भांडी घासून उन्हात उपडी घातल्यासारखं वाटलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला निळा समुद्र आणि मधून रस्ता. दोन तासांत एकही गाय आडवी आली नाही.

एका पेट्रोलपंपाजवळ चहाला थांबलो. दुकान केरळच्या माणसाचं. तिकडे दुकानासमोर गाडी उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा, चहा गाडीत येतो. आपल्याकडे असं कोणी केलं तर चहावाला चार गोष्टी सुनावेल. त्या माणसानं चार कप आणले. तीन आम्हाला दिले आणि चौथा वेगळा, सुजाताच्या हातात. "मॅडम, बिना चीनी," म्हणाला.

तिनं बिनसाखरेचा चहा मागितलेला नव्हता. कोणी काहीच मागितलं नव्हतं, सुमेधनं फक्त चार बोटं दाखवली होती. मी चहा पिता पिता हे टिपून ठेवलं.

बिम्म्याचा खड्डा ही पाहण्यासारखी गोष्ट आहे, हे कबूल करतो. सपाट माळ आहे आणि एकदम जमीन खचून मोठा वाटोळा खड्डा पडलेला. तळाशी हिरवं-निळं पाणी, उतरायला पायऱ्या. पाण्यात पाय सोडून बसलं की बोटभर मासे येऊन पायाची कातडी टोचतात. शोभा लहान मुलीसारखी हसली. सुजाता मात्र बाकी लोक बसले होते तिथं बसली नाही. ती सरळ दूरच्या एका कपारीशी गेली, तिथल्या एका सपाट दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. पहिल्यांदा आलेला माणूस आधी इकडेतिकडे पाहतो. ती आपल्या घरच्या पाटावर बसावी तशी बसली.

पुढं टीवी नावाच्या गावाशी दुसरा फाटा. तिथं डोंगराच्या चिरेतून ओढा वाहतो आणि दोन्ही बाजूंना खजुराची झाडं. मोबाइलला रेंज नव्हती आणि रस्त्याला दोन तोंडं फुटली. सुमेधनं गाडी न थांबवता डावीकडं वळवली.

"नकाशा न पाहता कसं समजलं?" मी विचारलं.

"अंदाजानं बाबा."

माझ्या डोक्यात मग सगळी साखळी जुळली. नोकरी गेली, आणि हा आता फिरायला येणाऱ्या लोकांना भाड्याच्या गाडीतून हिंडवतो. म्हणून चहावाला ओळखतो, म्हणून रस्ते पाठ आहेत. हे आठवलं की आजही मला माझी लाज वाटते, पण त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

सूर

सूरला रात्रीचा मुक्काम. जवळच रात्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि लोक ती पाहायला जातात. आम्ही गेलो नाही. कासवाचं नाव निघताच सुजाता म्हणाली की तिचं डोकं दुखते, आणि शोभानं लगेच विषय बदलला. तेही मी टिपलं. माझी टिपणं वाढत होती आणि त्यांचा अर्थ मात्र लागत नव्हता.

जेवण जमिनीवर बसून, एकाच मोठ्या ताटात. भाताचा डोंगर आणि वर भाजलेली मासळी, सगळ्यांनी आपापल्या बाजूनं हातानं खायचं. मला आधी संकोच वाटला. आपल्याकडे एका ताटात जेवणं म्हणजे लग्नातल्या नवरा-नवरीचं काम. तांदूळ लांब आणि मोकळा होता, पण वासाचा नव्हता. तसं मी बोललो तेव्हा शोभा म्हणाली, "गोंदियाचा माणूस स्वर्गात गेला तरी आधी तिथला भात हुंगून पाहील."

सुमेध मासळीचे काटे काढून मऊ तुकडे सुजाताच्या बाजूला सरकवत होता. ती खात नव्हती, तो सरकवत होता. आमच्या घराण्यात कोणत्याही पुरुषानं बायकोला असं भरवलेलं मी पाहिलं नाही. इतकी काळजी माणूस तेव्हाच घेतो जेव्हा त्याच्या हातून काही चुकलेलं असतं, असं माझं तेव्हाचं मत. जेवण झाल्यावर शोभानं पिशवीतून लाडू काढून तिला दिला. तिच्या एकटीला. मी हात पुढं केला तर म्हणाली, "तुम्हाला शुगर आहे."

बनी खालिद आणि बिदिया

दुसऱ्या दिवशी बनी खालिदचा ओढा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी टीवी सोडून इथंच यावं, कारण चालायला बांधलेली वाट आहे. कोरड्या डोंगरात एकामागून एक हिरव्यागार पाण्याचे डोह. नवेगावबांधच्या तलावाकाठी वाढलेल्या माणसाला पाण्याचं काय कौतुक, असं मला वाटलं होतं. पण तीन तास दगड पाहून आल्यावर पाणी दिसलं आणि मी उभा राहिलो.

"तिथं पाय नका देऊ बाबा, शेवाळ आहे," मागून सुजाता म्हणाली. शेवाळ पाण्याखाली होतं. वरून दिसत नव्हतं.

मी वळून तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली. माझ्या पोरीनं लहानपणी बोरं चोरली होती तेव्हासुद्धा नजर चुकवली नव्हती.

दुपारनंतर आम्ही बिदियाच्या वाळूत शिरलो आणि तिथं माझ्या साखळीचा पहिला दुवा तुटला. तांबड्या वाळूच्या टेकड्या, वारा आला की माथ्यावरून वाळू पातळ धुरासारखी उडते. गाडी चाळीस-पन्नास हात गेली आणि रुतली. सुमेधनं जोर दिला तशी आणखी रुतली. तो उतरून हातांनी वाळू उकरायला लागला. शोभाची एक चप्पल त्या गडबडीत वाळूत गेली ती गेलीच. शेवटी वाळवंटात राहणारा एक बेदुइन म्हातारा आपली गाडी घेऊन आला. त्यानं हसत हसत चारही चाकांमधली हवा निम्मी काढली आणि गाडी दोरानं ओढून बाहेर काढली. वाळूत जाण्याआधी हवा कमी करायची असते, हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक असतं. टॅक्सीवाल्याला तर असतंच असतं.

म्हणजे हा लोकांना हिंडवत नव्हता. वाळूत हे दोघं कधी आलेच नव्हते. जिथं जिथं पाणी होतं तिथं मात्र दगड न् दगड ओळखीचा. मी सुमेधला बाजूला घेतलं.

"खरं सांग. नोकरी आहे का?"

त्यानं खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. तो जमीन मोजणारा सर्वेअर आहे, ते मला ठाऊक होतं. मी तारीख पाहिली. चालू होती.

"मग खोटं काऊन बोलून राहिले तुम्ही? तुम्ही दोघं आधी येऊन गेले इथं."

सुमेध दूर उभ्या असलेल्या सुजाताकडं पाहत राहिला. ती आईचा अनवाणी पाय झटकून देत होती. "तिले विचारा बाबा," तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, "नाही. विचारू नोका. तुमच्या पाया पडतो, तिले काही विचारू नोका."

त्या क्षणी माझी खात्री पटली की पोरीला इथं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या घरात विचारायची मनाई आहे ते घर धड नसतं. मी शोभाला सांगितलं, सामान बांध, आपण तिघं परत जाऊ. शोभा म्हणाली, "उद्याचं गाव पाहून घ्या आधी. मग बोला."

मिसफात

निझव्याच्या वर डोंगराच्या उतारावर मिसफात नावाचं खेडं आहे. मातीची जुनी घरं, अरुंद बोळ आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची खजुराची शेती. गावात शिरण्याआधी पाटी असते, अंग झाकणारे कपडे घाला आणि हळू बोला. ती पाळावी. गावाच्या अंगाअंगातून दगडी पाट वाहतो. डोंगराच्या पोटातलं पाणी कित्येक पिढ्यांपूर्वी कोणीतरी असं खेळवत आणलं आहे. त्याला तिकडे फलज म्हणतात. सगळ्या आडवाटांमध्ये ही एक मी आनंदानं पाहिली असती, कारण हे माझं काम. आपल्या मामा तलावाला, म्हणजे माजी मालगुजारी तलावाला, पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला आपण तुडूम म्हणतो, तशी इथं पाटाच्या बाजूला लहान लहान तोंडं होती. ती चिंधी आणि दगड कोंबून बंद केलेली.

सुमेध खाली गाडीपाशी थांबला होता, शोभा आणि सुजाता मागं हळू येत होत्या. मी पुढं गेलो आणि पाहिलं तर एका तोंडातली चिंधी काढून काठावर ठेवलेली. सगळं पाणी एका लहानशा खजुराच्या तुकड्यात घुसत होतं आणि खालचा पाट कोरडा पडत चालला होता. आसपास माणूस नाही. उघडं तोंड, कोरडा पाट आणि गायब माणूस, हे दृश्य मी हजार वेळा पाहिलं आहे. मी वाकलो, चिंधी तोंडात कोंबली, वर दगड ठेवला आणि पाणी खाली सोडलं. बरं वाटलं. अगदी खरं सांगतो, त्या सगळ्या प्रवासात तेवढ्या वेळच मला बरं वाटलं.

दहा-पंधरा मिनिटांत खालून एक शेतकरी हातात खुरपं घेऊन ओरडत वर आला. त्याच्यामागून आणखी एक म्हातारा, पांढरा झगा, मनगटावर मोठं घड्याळ. तो गावाच्या पाण्याचा कारभारी होता. तिकडच्या पुष्कळ माणसांना हिंदी येतं आणि गोंदियाच्या माणसाला हिंदी काय शिकवायचं.

"किसने बंद किया?" त्यानं विचारलं.

"मैंने. पानी चोरी हो रहा था."

म्हाताऱ्यानं खुरपंवाल्या शेतकऱ्याकडं बोट दाखवलं. "चोरी नहीं. इसकी बारी थी. आधा घंटा इसका. इसके बाप का भी यही आधा घंटा था."

मी म्हणालो, तोंडाशी माणूस नव्हता. तो म्हणाला, माणूस कशाला हवा, सगळ्यांना सगळ्यांची वेळ ठाऊक आहे. एकतीस वर्षांत राखण न करता सोडलेलं पाणी मी पाहिलं नव्हतं. कारभाऱ्यानं घड्याळ पाहिलं, पुढच्या पाळीच्या माणसाला हाक मारली, दोन वाक्यं बोलला आणि त्या माणसानं मान हलवून आपल्या वेळेतली पंधरा मिनिटं देऊन टाकली. भांडण संपलं. मी हात जोडले.

तेवढ्यात सुजाता आणि शोभा येऊन पोचल्या. म्हाताऱ्याचा चेहराच बदलला.

"बेटी," तो म्हणाला. "बहुत दिन बाद आई." मग माझ्याकडं वळला. "आपकी बेटी है? जुमे को आती थी, यहीं बैठती थी. मेरी बीवी इसके लिए खजूर लाती थी. सब्र करो, बेटी. अल्लाह ने बच्ची ली है, वही सब्र देगा."

म्हाताऱ्याला वाटलं असेल की बापाला ठाऊक आहे. कोणाला वाटणार नाही? त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला.

सुजाता पाटाच्या काठावर बसली. मीही बसलो, गुडघे दुखत होते तरी. मग तिनं सांगितलं. सातवा महिना सुरू होता. भावाच्या लग्नाच्या दीड महिना आधी. पोटातच गेली. मुलगी होती. इथल्याच मातीत ठेवली. सुमेधनं एकट्यानं त्रिशरण पंचशील म्हटलं, कारण सुजाता दवाखान्यात होती. मग तिला घरात बसवेना म्हणून तो दर शुक्रवारी तिला कुठंतरी घेऊन निघायचा. तिला फक्त पाण्याकाठी बरं वाटायचं, म्हणून पाणी शोधत शोधत त्यानं या वाटा काढल्या. बेत आखताना त्यानं तिला विचारलं होतं की कुठं जायचं. ती म्हणाली, तिथंच.

"आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

शोभा पलीकडं पाठ करून उभी होती. डबा भरून लाडू नेले, पोरीला रोज एक दिला, आणि मी त्यात खसखस शोधत बसलो होतो. बाळंतिणीचे लाडू, उशिरा का होईना.

"मलेच काऊन नाही सांगितलं?"

"पहिल्या वेळी सांगितलं होतं ना बाबा," ती म्हणाली.

पहिली वेळ मला आठवली. चार वर्षांपूर्वी, दुसऱ्याच महिन्यात पोटातलं गेलं होतं. मी फोन केला होता. तिला नाही, सुमेधला. काय खाऊ घातलं, गाडीत कायले बसवलं, डॉक्टरनं कोणत्या तारखेला काय सांगितलं, कागद पाठव. मला वाटलं होतं, मी काळजी करून राहिलो.

"तुम्ही विचारपूस नाही करत बाबा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही चौकशी करता. यावेळी माझ्यात उत्तरं द्यायची ताकद नव्हती. दिवस गेले तेव्हाच ठरवलं होतं, मूल हाती आल्यावरच तुम्हाले सांगायचं."

मी तिला घेऊन जायला आलो होतो, तेही तिनं ओळखलं होतं. "मी येत नाही बाबा. तिले इथं एकटी टाकून कशी येऊ?"

ती रात्र निझव्यात काढली. बाजारात खमंग हलवा मिळतो, वेलदोड्याची कॉफी मिळते, किल्ला आहे. सगळं चांगलंच असेल. मला त्यातलं काही आठवत नाही.

मस्कतच्या कडेला

परतीच्या दिवशी शहर जवळ आलं तेव्हा मागच्या सीटवरून सुजाता म्हणाली, "बाबा, तिच्याकडे येता?"

शहराच्या कडेला, उघड्या डोंगराच्या पायथ्याशी परदेशी लोकांसाठी दफनभूमी आहे. भिंत, लोखंडी फाटक, आत खडी. लहान मुलांची जागा मागच्या बाजूला. सुजाता न पाहता चालत गेली आणि एका हातभर उंचवट्यापाशी थांबली. चार दगड मांडलेले. पाटी नव्हती. शोभा खाली बसली आणि हातानं खडी सारखी करू लागली. सुमेधनं बाटलीतलं पाणी दगडांवर ओतलं.

मी उभा होतो आणि माझ्या डोक्यात प्रश्न येत होते. कोणता दवाखाना, डॉक्टर कोण होता, दुखायला किती वाजता लागलं, उशीर कोणी केला. एकामागून एक, रांगेत. मी दात आवळून धरले. मला माझी इतकी भीती कधी वाटली नव्हती. सुमेधच्या खांद्यावर मी हात ठेवला तर तो दचकला. मग तो रडला. तीन-साडेतीन दिवस गाडीत माझ्या शेजारी बसून हा माणूस माझ्या नजरेखाली गाडी चालवत होता.

"विचारा ना बाबा," सुजाता म्हणाली. "एवढे गप्प नोका बसू. मले भेव लागते."

"मी विचारलं की चौकशी होते."

"एक विचारा."

मी रांगेतले सगळे प्रश्न बाजूला सारले. मग विचारलं, "नाव ठेवलं होतं का तिचं?"

सुजातानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "हे कोणीच नाही विचारलं," ती म्हणाली. "आईनंही नाही."

आणि तिनं नाव सांगितलं. मी ते एकदा मनात म्हणालो आणि एकदा मोठ्यानं.